मार्टिनीवरचे चार बदल

मेल्कने तक्रार वाचून संपवली तरी योस्ट उभाच होता. नेमबाजी मंडळाच्या खोलीत मधल्या टेबलावर त्याच्या आजोबांची मार्टिनी आडवी ठेवलेली होती. एका वेळी एकच काडतूस घेणारी, नेमबाजीसाठीच घडवलेली जुनी बंदूक.

तिच्यावरचे चार बदल कागदावर ओळीने लिहिलेले होते. दस्त्यावर गाल टेकायला चढवलेला अक्रोडाचा उंचवटा. डाव्या तळव्याखाली बसवलेला लाकडी गोळा. हलका केलेला चाप. आणि नळीच्या टोकाला, मूळच्या माशीच्या, म्हणजे नेमाच्या बारीक खुंटीच्या जागी, नेम धरायचं कडं. त्या कड्याचं भोक, दूरचं अंधुक दिसू लागलं तसं, सहा वर्षांत तीनदा मोठं केलेलं. आधी साडेतीन मिलिमीटर, आता जवळजवळ पाच.

जुन्या बंदुकांच्या गटात मूळ घडणीला हात लावलेला चालत नाही. मेल्क मंडळाचा अध्यक्ष. रविवारच्या सामन्यात ही बंदूक घेता येणार नाही, हे त्याने खाली बघतच सांगितलं.

योस्टने हे बदल लपवले कधी होते? उंचवटा त्याने याच टेबलाशी बसून, सगळ्यांसमोर, बिअर पीत कानशीने घासला होता. तेव्हा दस्ता घट्ट धरून ठेवायला मेल्कच होता. गेली नऊ वर्षं योस्ट पहिला येत होता आणि हीच माणसं त्याच्या टोपीला पानांचं कडं खोवून टाळ्या वाजवत होती. आता, योस्टच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांना नियम आठवला.

“कुणी लिहिलंय?”

“नाव सांगायचं नाही, असं ठरलंय.”

“वा. माझं नाव मात्र चार वेळा लिहिलंय.”

मेल्कने समजूत घातली. बदल काढून टाक, मूळची माशी बसव आणि रविवारी ये, कोण अडवतंय. योस्ट म्हणाला, एक स्क्रूसुद्धा काढणार नाही. त्यापेक्षा खेळणारच नाही, आता नाही आणि पुढेही नाही. बंदूक कापडात गुंडाळून तो बाहेर पडला. दार आपटायचं त्याच्या मनात होतं, पण ते जड होतं, सावकाशच मिटलं.

घरी फ्रेनी बटाटे किसत होती. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झालेली. त्यातली शेवटची नऊ वर्षं प्रत्येक सामन्यात ती तीनशे मीटरवरच्या खंदकात, नेमाच्या तिसऱ्या फळ्याखाली बसायची आणि योस्टची गोळी कुठे लागली ते दांड्यावरच्या गोल पाटीने दाखवायची. दहा गुण मिळाले की पाटी गोल फिरायची, नेम हुकला की आडवी हलायची. योस्टला बायको कौतुकाने हात दाखवते तो तीनशे मीटरवरूनच, असं गावात चेष्टेने म्हणत.

योस्टने सगळं सांगितलं, मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ती किसत राहिली. त्याचा संशय आलोइसवर होता. वरच्या आळीतला सुतार, दरवर्षी दुसरा येणारा. बंदुकीचा मत्सर नाही, तर दुसरं काय?

“त्याच्या दारात जाऊन विचारतो. पोरांसमोर विचारतो.”

त्याने कोट चढवला. फ्रेनीने किसणी बाजूला ठेवली.

“आलोइसकडे जाऊ नकोस. त्याने नाही लिहिलं.”

“तुला कसं माहीत?”

“मी लिहिलंय.”

योस्ट एका बाहीत हात घालून तसाच उभा राहिला. मग त्याचा आवाज चढला. घरातल्याच माणसाने? ज्या बंदुकीला ती स्वतः तेल लावते, तिच्याविरुद्ध? ते बदल तो जन्मात काढणार नाही, एवढंही तिला कळत नव्हतं?

“कळत होतं,” फ्रेनी म्हणाली. “म्हणूनच त्यांच्याबद्दल लिहिलं.”

तिने हात पुसले, पुढे होऊन त्याची दुसरी बाही सरळ केली.

“पुढच्या वर्षी येणारं, गुण दाखवायचं मशिन परवाच आलं, योस्ट. रविवारी खंदकात मी नसणार. गोळी जिथे लागेल, मशिन तिथेच दाखवणार.”