शेवटचा तुकडा

"माझ्या बायकोचं हाड परत द्या," मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमना म्हणालो.

गाठ झालेलं मांडीचं हाड तिनं ऑपरेशनच्या वेळी स्वतः सही करून संशोधनाला दिलं होतं. आता ती गेली, आणि मेहुणा रक्षा नदीत सोडू देत नव्हता. "दाजी, आक्काला अर्धीच पोचवता व्हय? आधी हाड आणा."

मॅडमनी वाद घातला नाही. फ्रीजरमधून करंगळीएवढी बाटली काढून टेबलावर ठेवली आणि सहीचा कागद पुढं केला. "एवढाच तुकडा उरलाय, काका."

"बाकीचा?"

"त्याच्यावर औषधं तपासली. पाच वाया गेली. सहाव्यानं गाठीची वाढ थांबली. पुन्हा थांबते का, ते या तुकड्यावर बघायचं होतं."

"म्हणजे ते औषध तिला लागू पडलं असतं?"

"पडलंही असतं. पण आम्हाला कळलं तेव्हा त्या गेल्या होत्या."

मी पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. मग सही न करताच बाटली त्यांच्याकडं सरकवली आणि बाहेर येऊन मेहुण्याला फोन लावला.

"उद्या रक्षा सोडू. हाड इथंच राहील."

"दाजी, आक्का अडकून पडंल की ओ!"

"थांबेल ती," मी म्हणालो. "इथं हॉस्पिटलच्या रांगेतसुद्धा कुणाला जास्त दुखत असलं, की आपला नंबर त्याला द्यायची."