काकवी

"आ कर बघू," म्हणत मेट्रनने लापशीचा चमचा पुढे केला. ओनोराच्या मांडीवरच्या लेकीने तोंड फिरवलं.

ओनोराला हायसं वाटलं. बायकांच्या या तुरुंगात मूल अंगावर पीत असेल तोवरच आईपाशी राहायचं. खायला लागलं, की त्याची रवानगी अनाथाश्रमात. म्हणून तर तिने आत्ताच पोरीला पोट तट्ट होईस्तोवर पाजलं होतं.

मेट्रनने लापशीवर काकवी सोडली. "गोडाला कोण नाही म्हणतंय!"

आयर्लंडात बटाटे सडून दुष्काळ पडला, त्या साली ओनोराने एक मेंढी चोरली होती. मेंढीचा रस्सा आपल्या भुकेल्या थोरल्या मुलाच्या ओठांशी धरून तिने विनवलं होतं, "एक घोट घे रे राजा." तोंड उघडायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. तो गेला, आणि चोरीपायी ती इथे ऑस्ट्रेलियात, काळ्या पाण्यावर आली. ही लेक इथेच झालेली.

लेकीने काकवी चाटली.

"नको गं खाऊस, माझे बाई," ओनोरा तिच्या कानाशी पुटपुटली.

पोर मिटक्या मारत हसली आणि तिने मोठ्ठा आ केला.