षष्ठीचं मौन

"डब्याला काय दिलंस?" बुटाची नाडी बांधता बांधता अरिहंतने विचारलं.

त्रिशला ओट्याजवळ उभी होती. भाजी तिनेच केली होती, डब्यात तिनेच भरली होती. उत्तर एका शब्दाचं होतं. तिने तोंड उघडलं, पण शब्द आला नाही.

"अगं, भाजी कसली हाय?"

ती डब्याकडे बघत राहिली. गवारी हा शब्द तिला माहीत होता. तो कुठून उचलून ओठांवर आणायचा, एवढंच सुचत नव्हतं.

अरिहंतने मान वर केली. "मौन धरलंयस काय आज?"

त्रिशलाची मान हलली. हो म्हणून हलली की नुसतीच, ते तिलाही कळलं नाही.

अरिहंतचा आवाज मात्र लगेच खाली आला. "काल सांगायचं तरी," असं पुटपुटत त्याने डबा स्वतः पिशवीत ठेवला, पाण्याची बाटली स्वतः भरली. कुपवाडला कारखान्यात जायला गाडी काढताना रोजचा हॉर्नही त्याने वाजवला नाही.

सासूबाई, सुंदरीबाई, दारापाशी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे एकदा पाहिलं. षष्ठी. मग सुनेकडे पाहिलं. शाळेची साडी नेसून झाली होती, पर्स खांद्याला होती, पण पाय ओट्यापासून हलत नव्हते. या घरात मौन म्हणजे अष्टमीला किंवा चतुर्दशीला. त्यासाठी सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात जायचं, देवाचं दर्शन घ्यायचं आणि महाराजांकडून नियम घ्यायचा. त्रिशला आज बस्तीत गेली नव्हती.

टेबलावरचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, पाटील मॅडम. त्रिशलाच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्रिशलाचा हात पुढे गेला आणि अर्ध्यात थांबला. सुंदरीबाई उठल्या आणि त्यांनी फोन घेतला.

"मी तिची सासू बोलतीय."

"काकू, त्रिशला निघाली का? प्रार्थनेची वेळ झाली."

"आज यायची न्हाई ती."

"का? ताप आहे?"

"न्हाई. मौन हाय तिचं."

मॅडमचा आवाज वर्गाची सवय असलेला, खणखणीत. त्रिशलाला सगळं ऐकू येत होतं.

"काकू, मीपण आपल्यातलीच आहे. आज षष्ठी. षष्ठीला मौन कोण धरतं?"

सुंदरीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताप असता तर मी एका शब्दाने अडवलं नसतं. बोलायचं नाही, हे रजेचं कारण म्हणून मी कसं लिहू? द्या तिच्याकडे. तिने बोलू नये, नुसतं ऐकावं. ऐकण्यानं काही मौन मोडत नाही."

सुंदरीबाईंनी फोन सुनेच्या कानाला लावला.

"त्रिशला, सातवीचे पेपर आज वाटायचेत बाई. देसाई बाई अजून रजेवर आहेत, त्यांचा वर्ग तुझ्याकडेच ठेवलाय. शाळा सुटल्यावर पालक येणार, त्यातल्या त्या भांडखोर आईला तूच समजाव, तुझंच ऐकते ती. संमेलनाचं निवेदनही तूच करायचंस, तुझ्यासारखा आवाज कुणाचा आहे? तू नाही म्हणालीस तर मी कुणाकडे बघू? येतेस ना?"

त्रिशलाच्या गळ्यातून काहीतरी वर आलं. गवारी हा शब्द सापडला नव्हता, पण हो सापडला होता. तो अगदी दातांपर्यंत आला. सुंदरीबाईंनी ते पाहिलं आणि फोन काढून घेतला.

"मॅडम, तिला नियम मोडाय लावू नका. पाप तुमाला लागंल."

"पण काकू, हा नियम तिला दिला कुणी?"

"मी दिला," सुंदरीबाई म्हणाल्या.

फोन बंद कसा करायचा ते त्यांना येत नव्हतं. त्यांनी तो तांदळाच्या डब्यात ठेवला आणि वर झाकण लावलं. आतून मॅडमचा आवाज थोडा वेळ येत राहिला.

त्रिशलाने पर्स उतरवली. ती सासूबाईंच्या शेजारी जमिनीवर बसली आणि काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं.

"बोलू नगंस," सुंदरीबाई म्हणाल्या. "बोललीस की मला मॅडमास्नी कळवावं लागंल. मग साडीबिडी सावरून जा शाळंला."

त्रिशलाने मूठभर शेंगा आपल्यापुढे ओढल्या. सुंदरीबाईंनी त्या परत आपल्या सुपात घेतल्या.

"ते ऱ्हाऊ दे. महाराजांनी इचारलं तर मी बघीन. म्हातारीला कोन काय म्हणतंय."

एक शेंग फुटली. मग दुसरी. त्रिशला भिंतीला टेकली. तिचे डोळे भरले, तशी तिने मान वर केली आणि पंख्याकडे बघत ओठ घट्ट मिटले. पदराचं टोक तिने तोंडाशी दाबून धरलं, आवाज फुटू नये म्हणून.

सुंदरीबाईंनी बसल्या जागेवरून पायाने दार लोटलं. मान वर न करता त्या म्हणाल्या, "रडलं तर चालतंय. त्यानं मौन मोडत न्हाई."