आकडा हलत नाही

“आकडा हलत नाहीये. आधी ते बघ,” भट्टीवाली मावशी म्हणाली.

टेस्टर हसला. तो कारखान्याचा वायरमन. कानामागे कायम टेस्टर खोचलेला, म्हणून सगळ्यांनी नावच ते पाडलं होतं. “मावशी, आकडा हलत नाही म्हणून वायरमनला बोलावणारी जगातली पहिली बाई तू.”

रंग भाजायच्या भट्टीची उष्णता दाखवणाऱ्या कंट्रोलरवर एकशे ऐंशी उभं होतं. खिळा ठोकल्यासारखं. एरवी तो आकडा पिसाळायचा. दोनशे दहा, एकशे साठ, पुन्हा दोनशे. हीटर मधेच बंद पडायचा, रंग कच्चा राहायचा आणि साहेब मावशीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. यांचं असंच. मशीन चुकलं तर माणसाला शिव्या, माणूस मेला तर मशीन पुसून पुन्हा चालू.

दोष टेस्टरने कधीच पकडला होता. भिंतीपलीकडे दुसऱ्या मालकाची लोखंडकामाची शेड. दोन्ही मालक एक नंबरचे चिक्कू, त्यामुळे दोघांची अर्थिंग एकाच खड्ड्यात. पलीकडे वेल्डरने ठिणगी पाडली की करंट भलत्याच वाटेने भट्टीच्या अंगात यायचा आणि तिथून उष्णता मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेत शिरायचा. सेन्सर भट्टीच्या पत्र्यापासून वेगळा केला की खेळ खलास. पण मावशीनेच त्याचा हात धरला होता. “राहू दे. मी सांभाळते.” साहेबाच्या शिव्या खाल्ल्या, पण पॅनेल उघडू दिलं नाही.

लोक म्हणायचे, बाई हेकट आहे. होतीच. सून पसंत नव्हती म्हणून पोटच्या पोराला उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं तिने. पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणाली, आणि त्यानेही दाखवलं नाही. कुणी त्याची गोष्ट काढली की ती विषय बदलत नसे, सरळ उठून जायची.

आज मात्र ती पॅनेलला खेटून उभी होती.

“सोमवारपासून हूं नाही की चूं नाही. सुट्टीत कुणी येऊन तार दुरुस्त करून गेलं असेल ना रे?”

“बघतो.”

“बघतो नको. केलीय म्हण.”

टेस्टरचं हसू विरलं. त्याने सेन्सरची दोन टोकं काढली आणि कंट्रोलरचे स्क्रू तारेच्या तुकड्याने जोडले. आकडा झरझर उतरून शेडमधल्या हवेच्या उष्णतेवर थांबला. म्हणजे कंट्रोलर ठणठणीत. मग मीटरचं एक टोक सेन्सरला लावलं, दुसरं भट्टीच्या पत्र्याला. मीटर किंचाळलं. सेन्सर अजून पत्र्याला चिकटलेलाच. अर्थिंगची पट्टी त्याच बोल्टवर, बोल्टवर गंजही तोच.

“कुणी बोट लावलेलं नाही, मावशी. दोष होता तिथेच आहे. पलीकडे वेल्डिंगच बंद असणार.”

मावशीने पदराने कंट्रोलरची काच पुसली. पुन्हा पुसली.

“विचार,” ती म्हणाली.

टेस्टर स्टुलावर चढला. झरोक्यातून पाहिलं तर वेल्डिंग मशीनवर ताडपत्री, डोळ्यांवर धरायची काळी काच खिळ्याला टांगलेली.

“काय हो,” त्याने ओरडून विचारलं, “तुमचा वेल्डर कुठाय?”

“गेला सोडून!” पलीकडून कुणीतरी ओरडलं. “बायको आणि तान्हं लेकरू घेऊन मुलूखच सोडला त्याने. कुठे गेला, कुणालाच सांगितलं नाही!”

टेस्टर खाली उतरायला लागला. पाय टेकवायला जागाच मिळेना. मावशीने स्टूल दोन्ही हातांनी कवटाळलं होतं.

“उतरू नकोस,” ती म्हणाली. “विचार त्यांना. माझ्या पोराला मुलगा झाला की मुलगी?”