फवारणीचे कपडे

"आणि ते कपडे धुणाऱ्या बाईला?" सासूने मागच्या ओळीतून विचारलं. शाळेच्या व्हरांड्यात जमलेल्या बायांमध्ये तीच वयाने सगळ्यांत मोठी.

नर्सबाईंनी हातातला तक्ता खाली ठेवला. "तिलाही धोका असतो, मावशी. आपण त्याला औषध म्हणतो, पण आहे ते विषच. फवारताना कपड्यांत मुरतं, धुताना हातांतून अंगात जातं. ते कपडे वेगळे धुवायचे, रबरी मोजे घालून. आणि पोटुशी बाईने तर त्यांना हातच लावायचा नाही. कधीकधी पोट टिकत नाही."

"आमच्याकडे ढेकणांवरही तेच मारतात," एक जण म्हणाली. "ढेकूण आहेत तसेच आहेत, आम्हीच खोकतोय."

बाया हसल्या. सासू उठली आणि कुणाशी न बोलता घराकडे निघाली.

वाटेत तिला सुनेचं पोट पडलं त्या दोन्ही वेळा आठवल्या. पहिल्यांदा तिसऱ्या महिन्यात, दुसऱ्यांदा पाचव्यात. दोन्ही वेळा फवारणीचेच दिवस होते. आणि दोन्ही वेळा ती चारचौघींत म्हणाली होती, "बी चांगलं आहे हो, मातीच नासकी." सून तिथेच चहाचे कप उचलत होती. आता सुनेला पुन्हा चौथा महिना लागला होता.

मागच्या दारी सून दगडावर नवऱ्याचा शर्ट घासत होती. बादलीतलं पाणी दुधासारखं पांढुरकं झालं होतं. कोपरापर्यंत तिचे हात ओले होते.

सासूने शर्ट तिच्या हातातून ओढून घेतला. "ऊठ."

सून गडबडीने उठली. "डाग निघत नव्हता, म्हणून उशीर झाला. आत्ता उरकते, आई."

"काही उरकायचं नाही. आजपासून याला हात लावायचा नाहीस. त्याचे कपडे तो धुईल. विष आहे ते. त्यानेच तुझं..." सासूने शर्ट बादलीपलीकडे फेकला.

सून भिंतीला धरून उभी होती. तिच्या कपाळावर घाम होता.

"आई, एक सांगू? रागावू नका."

"सांग."

"सकाळपासून अंगावरून लाल जातंय."

"आणि हे आत्ता सांगतेस?"

"तुम्ही बोलाल म्हणून..."

सासूने शेजारणीला हाक मारून तिच्या मुलाची गाडी काढायला लावली. साबणाने सुनेचे हात धुतले, तिला साडी बदलायला लावली, धरून गाडीपर्यंत नेलं. इतक्या वर्षांत तिने सुनेला असं धरलं नव्हतं. सुनेचा दंड केवढा बारीक आहे, ते तिला आज कळलं.

गाडी शेतांच्या कडेने चालली होती. दूरवर दोघे जण पाठीवर पंप घेऊन पिकातून चालत होते, आणि त्यांच्याभोवती पांढरं धुकं उडत होतं. सासूने काच वर केली.

"दवाखान्यात विचारतील," सुनेचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "पुन्हा कसं झालं, म्हणतील. काय सांगू?"

सासूने तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून घेतलं.

"तू नको बोलूस. मी सांगेन. ते कपडे मी धुवायला लावत होते."