खिडकीसमोरचं चित्र

दिवाळीच्या सुट्टीत तळोद्याच्या वसतिगृहातल्या सगळ्या मुली घरी गेल्या. गायत्रीचे आईबाप जीपमधून ऊसतोडीला गुजरातेत गेलेले, म्हणून ती एकटीच उरली. तिला करमावं म्हणून इंद्रसिंग गुरुजी तिला आपल्या चित्रदालनात घेऊन आले.

"चित्रं जुनीच आहेत, बेटा. पण यंदा तू सांगशील तशी लावू."

तिनं उंबऱ्यात बसलेल्या बाईचं चित्र खिडकीसमोर लावायला सांगितलं.

"इथंच का गं?"

"ती वाट बघतेय ना, गुरुजी. जीप येताना दिसली पाहिजे तिला."

"बरं. आणि शेजारी कोणतं लावू?"

"कोणतंच नको. तिथं मी बसते."

गुरुजी खिडकीबाहेरच्या रस्त्याकडे बघत राहिले. पूर्वी पुण्याहून त्यांचा मुलगाही दिवाळीला त्याच रस्त्यानं यायचा. मग ते आत गेले आणि दोन खुर्च्या घेऊन आले.