बढतीचा पेढा

१९६८ साल. घाटकोपरच्या कारखान्यात हेडक्लार्कची जागा रिकामी झाली. ज्येष्ठतेने ती मृणालिनीबाईंची, पण साहेबांनी बोलावलं नंदकुमारला.

"साहेब, हक्क बाईंचा आहे. मी घेणार नाही."

साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मोठ्या मनाचा आहेस रे."

दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत गेल्या वर्षी लागलेला हरेश्वर बसला. त्याचे पेढे मात्र बाईंनी वाटायचे. बाईमाणसाच्या हातून बरं दिसतं, असं साहेब म्हणाले.

बाई टेबलाशी आल्या तेव्हा नंदकुमार पुटपुटला, "मी तुमच्यासाठीच सोडली होती..."

"ठाऊक आहे," त्याच्या हातावर पेढा ठेवत त्या म्हणाल्या. "तुम्ही घेतली असतीत, तर निदान हेडक्लार्कला काम शिकवायची वेळ माझ्यावर आली नसती."